सतरा जानेवारीचे देणे

दर वर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात, निपाणीत आणि खानापुरात माणसे जमतात, हुतात्म्यांना अभिवादन करतात आणि मूक फेरी काढतात. हा परिपाठ सात दशकांचा आहे. १६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला. मुंबई केंद्रशासित होणार, हे त्या भाषणातून कळले. बेळगाव-कारवारचा मराठी मुलूखही महाराष्ट्राला अंतरणार, हे उघड झाले. दुसऱ्या दिवशी बेळगाव आणि निपाणी रस्त्यावर उतरली आणि गोळीबार झाला. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावे तेव्हापासून सीमाभागातल्या पिढ्यांना तोंडपाठ आहेत.

२०२२ पासून याच तारखेला आणखी एक स्मृती जोडली गेली. सीमालढ्याचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांनी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी कोल्हापुरात अखेरचा श्वास घेतला, तो दिवस १७ जानेवारीच होता. ज्या हुतात्म्यांचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला, त्यांच्याच दिवशी ते गेले. हा योगायोग खरा. पण त्यामुळे हा दिवस आता आपल्याला दोन गोष्टी विचारतो. हुतात्म्यांनी मागितलेले मिळाले का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि ते बोचते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ते मिळेपर्यंत कसे जगायचे आणि कसे लढायचे, याचा जो वस्तुपाठ एन. डी. सरांनी घालून दिला, त्याचे आपण काय केले?

एन. डी. पाटील सीमाभागात जन्मलेले नव्हते. नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील ढवळी गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. वाळवा म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचा आणि प्रतिसरकारचा तालुका. सत्तेला हात जोडण्याऐवजी जाब विचारायचा असतो, हे या मातीतल्या पोरांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास बहुजन समाजातील जाणत्या मंडळींनी शेतकरी कामगार पक्षाची स्थापना केली. सत्यशोधकी परंपरा आणि मार्क्सवाद यांची सांगड घालू पाहणाऱ्या या पक्षात १९४८ साली विशीतही न पोचलेला हा तरुण दाखल झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. पक्षाचा पसारा आटत गेला, सोबतचे अनेक जण सत्तेच्या सोयीने इकडेतिकडे गेले. एन. डी. हलले नाहीत. शरद पवार त्यांचे मेहुणे. पण नात्याचा आधार घेऊन त्यांनी आपल्या राजकारणाची दिशा कधी बदलली नाही.

ते आधी शिक्षक होते आणि मनाने अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम. ए. पदवी घेतलेला हा प्राध्यापक साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत होता आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुलांबरोबर राबतही होता. पुढे इस्लामपूरला कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९९० पासून अठरा वर्षे त्यांनी रयत शिक्षण संस्थेच्या चेअरमनपदाची धुरा वाहिली. शिक्षण हा व्यापार झाला, तर खेड्यातले पोर पहिल्यांदा बाहेर फेकले जाईल, हा धोका त्यांनी सभा-संमेलनांतून सतत सांगितला. सोप्या मराठीत, आकडेवारी देत, मुद्द्याला मुद्दा जोडत ते बोलायचे. भाषणाला आलेला माणूस घरी जाताना काहीतरी समजून गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे.

विधान परिषदेत त्यांनी अठरा वर्षे काढली. १९८५ ते १९९० या काळात ते कोल्हापुरातून विधानसभेवर निवडून गेले. १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात त्यांच्याकडे सहकार खाते आले. सहकार म्हणजे साखर कारखाने, जिल्हा बँका, सोसायट्या. ज्या खात्याभोवती महाराष्ट्राचे अर्धे राजकारण फिरते, असे खाते. त्या खुर्चीवरून उठताना त्यांच्या अंगाला काही चिकटले नाही, याची साक्ष त्यांचे विरोधकही देतात. सत्ता गेली तेव्हा त्यांचे काम थांबले नाही, कारण ते कामच मुळी सत्तेवर उभे नव्हते. एन्रॉनच्या विजेचा सौदा राज्याला बुडवणार, हे सांगत ते फिरले. रायगडमध्ये महामुंबई सेझसाठी शेतकऱ्यांच्या पिकत्या जमिनी जाणार, असे दिसले तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरचे एन. डी. त्या लढ्याच्या पुढच्या फळीत होते. सप्टेंबर २००८ मध्ये बावीस गावांतील शेतकऱ्यांचे जनमत सरकारला घ्यावे लागले. विकास कोणासाठी, हे गावाला विचारून ठरवावे, ही मागणी प्रत्यक्ष मतदानापर्यंत पोचण्याचे ते दुर्मीळ उदाहरण. त्यानंतर कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात गोविंद पानसरे यांच्याबरोबर ते रस्त्यावर बसले. २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. पण ते पाहायला पानसरे उरले नव्हते.

एवढे सगळे करणाऱ्या माणसाला बेळगाव-निपाणीचा प्रश्न का आपला वाटावा? इथे एन. डी. सरांच्या विचाराचा गाभा सापडतो. त्यांच्या दृष्टीने शेतमालाचा भाव, गावची शाळा, अंधश्रद्धेचा फास आणि सीमाप्रश्न हे चार वेगळे विषय नव्हतेच. साध्या माणसाला स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेता येतो की नाही, हा एकच प्रश्न चार ठिकाणी त्यांना दिसे. शेतकऱ्याचे धान्य दुसऱ्याने ठरवलेल्या दराने विकले जाते, मुलाची शाळा पैशाअभावी सुटते, बाईच्या अंगात आलेली देवी तिचे आयुष्य ठरवते आणि एखाद्या गावाचे राज्य त्या गावाला न विचारताच ठरते. या सगळ्यांत माणसाचा हक्क हिरावला जातो. म्हणून यातल्या कोणत्याही एका अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याला इतरांकडे पाठ फिरवता येत नाही. सीमाप्रश्नाकडे पाहण्याची ही नजर समजून घेतली, तर त्यांच्या वारशाचे नेमके मोल कळते.

सीमाप्रश्नाची त्यांची मांडणी कायद्याची आणि नकाशाची होती. महाराष्ट्राची मागणी चार तत्त्वांवर उभी आहे. खेडे हा घटक मानावा, भौगोलिक सलगता पाहावी, भाषिक बहुसंख्या मोजावी आणि लोकांची इच्छा विचारात घ्यावी. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमावादात पाटसकर निवाड्याने खेडे हाच घटक धरला होता. तोच न्याय आम्हाला लावा, एवढेच सीमाभागाचे म्हणणे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने महाराष्ट्राला २६४ आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याला २४७ गावे द्यावीत असे सुचवले. पण बेळगाव शहर होते तिथेच ठेवले. एका ठिकाणी एक कसोटी आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी, ही त्या अहवालातील विसंगती पुढे बॅरिस्टर अंतुले यांनी पुस्तक लिहून दाखवून दिली. अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि प्रश्न लोंबकळत राहिला. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा रक्त सांडले. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष आहे.

मोर्चे, निवडणुका, ठराव, शिष्टमंडळे हे सगळे करून झाल्यावर २००४ साली महाराष्ट्र सरकारने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सरकारने न्यायालयाची पायरी चढावी, असा आग्रह धरणाऱ्यांत एन. डी. पाटील अग्रभागी होते. पुढे राज्य सरकारच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हे काम मिरवण्याजोगे नाही. जुनी जनगणना, गावनिहाय आकडे, महसुली दप्तर, नकाशे, आयोगांचे अहवाल, वकिलांच्या बैठका आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या तारखा असे ते रूक्ष काम होते. टाळ्या मिळतात त्या चौकातल्या भाषणाला. पण दावा उभा राहतो तो या दप्तरावर. नव्वदीकडे झुकलेला माणूस काठी टेकत त्या बैठकांना येत राहिला. रस्त्यावरची ताकद आणि कागदावरची तयारी यांतले एक जरी ढिले पडले, तरी प्रश्न हातचा जातो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सीमाभागाला एन. डी. सर परके वाटले नाहीत, याला इथल्या मातीचेही कारण आहे. बेळगाव-निपाणीचा हा पट्टा सीमावादाच्या कितीतरी आधीपासून समाजसुधारणेचा पट्टा आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापूरचे वारे इथवर पोचले होते. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले. त्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीतच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली. बेळगावात राष्ट्रवीरकार शामराव देसाई यांनी सत्यशोधकी विचारांची पत्रकारिता केली. १९१९ साली बाबुराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केला. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्याच मराठी साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली. म्हणजे ज्या मागणीने महाराष्ट्र राज्य घडले, तिचा उच्चार बेळगावात झाला आणि बेळगावच त्या राज्याबाहेर राहिले.

निपाणीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हे तंबाखूचे गाव. वखारींत दिवसभर तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बाया, त्यांची तुटपुंजी मजुरी, मुकादमाचा त्रास आणि धुळीने भरलेली छाती, हे या गावच्या भरभराटीमागचे वास्तव. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. जातीने आणि गरिबीने गांजलेल्या बाया मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून हक्काची भाषा कशा बोलू लागल्या, हे त्यात दिसते. याच निपाणीत १४ मार्च १९८१ पासून शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्गावर बैलगाड्यांसह ठाण मांडले. ६ एप्रिलला पोलिसांनी ते आंदोलन उधळले. गोळीबारात बारा शेतकरी ठार झाले. तंबाखूला भाव मागणाऱ्या त्या शेतकऱ्यांत मराठी बोलणारे होते, तसे कन्नड बोलणारेही होते. व्यापाऱ्याने भाव पाडला तेव्हा त्याने कोणाची मातृभाषा विचारली नव्हती.

हा इतिहास आज मुद्दाम आठवला पाहिजे. सीमालढ्याचा अर्थ कन्नड माणसाशी वैर असा लावणारे दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यांच्यामुळेच हा प्रश्न जितका चिघळला, तितका सुटला नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात मराठी आणि कन्नड शेजार शेकडो वर्षांचा आहे. बसवण्णांच्या शरणांनी बाराव्या शतकात जातीचा उंबरठा ओलांडला, त्यांची वचने कन्नडात आहेत. वारकरी संतांनी तेच मराठीत केले. विठ्ठलाला कानडा म्हणताना आपल्या संतांना त्यात काही गैर वाटले नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर सोडल्या जाणाऱ्या मुली मराठी घरांतल्याही होत्या आणि कन्नड घरांतल्याही. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद घेणाऱ्या बाबा आढावांच्या आणि निपाणीत त्यांच्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर भाषेची सीमा नव्हती. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, महाराष्ट्रानेही नंतर केला. सुधारणेचे पाणी सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच झिरपले आहे.

एन. डी. पाटील महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यामागे ते वडीलधाऱ्यासारखे उभे राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरात गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन मराठी आणि दोन कन्नड. या चौघांच्या मारेकऱ्यांना सीमा आडवी आली नाही, मग या चौघांची बाजू घेणाऱ्यांना ती का आडवी यावी? जवळचे सहकारी असे एकेक करून गेले. तरीही वृद्धापकाळात एन. डी. घरात बसले नाहीत. दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, चार वर्षांनी कर्नाटक विधिमंडळानेही तसा कायदा मंजूर केला. सीमाप्रश्नावर ज्या दोन राज्यांचे एकमत झाले नाही, त्यांनी विवेकाच्या बाबतीत एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवले. सीमाभागातील तरुणांनी यातून बोध घ्यावा. आपल्या हक्कासाठी ठाम राहूनही शेजाऱ्याशी विवेकाचे नाते जोडता येते.

आता आजच्या स्थितीकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयातील दाव्याला दोन दशके उलटून गेली आहेत. २०१४ मध्ये न्यायालयाने साक्षी-पुरावे नोंदवण्यासाठी माजी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नियुक्ती केली. पण ते काम पुढे सरकले नाही. हा विषय संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. दरम्यान बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, तिथे कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी ८६५ गावांवरील दाव्याचा ठराव एकमताने केला. एकीकडे दगड-विटांची वास्तू आणि दुसरीकडे कागदावरचा ठराव, असा हा सामना आहे. यातील असमतोल लपवून काही साधणार नाही.

महाराष्ट्र एकीकरण समितीची अवस्थाही लपवण्यासारखी राहिलेली नाही. एके काळी या समितीचे आमदार कर्नाटक विधानसभेत ठणकावून बोलत. २०१३ मध्ये दोघे निवडून गेले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. मराठी मतदार संपला, असा याचा अर्थ नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून अधिक मते मिळाली, हे विसरता येत नाही. माणसे आहेत, भावना आहे. गटबाजीने घात केला आणि त्याहून अधिक घात केला तो रोजच्या जगण्याशी तुटलेल्या कार्यक्रमाने. १ नोव्हेंबरला काळा दिन, १७ जानेवारीला हुतात्मा दिन आणि मध्ये सारे शांत, असे चालले तर तरुण मुलगा या लढ्याशी स्वतःला कुठे जोडून घेणार? त्याला नोकरी हवी आहे, बहिणीला कॉलेज हवे आहे, बापाला जमिनीचा उतारा वाचता यावा असे वाटते.

एन. डी. सरांच्या वारशाचा उपयोग नेमका इथे आहे. निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नाही. तोपर्यंतचे जगणे मात्र आपल्या हातात आहे.

पहिले काम शाळेचे. सीमाभागातील मराठी प्राथमिक शाळांचा पट घटतो आहे. काही ठिकाणी शिक्षक नाहीत, काही ठिकाणी मुले नाहीत. राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, ही जबाबदारी राज्यावर टाकते. ही जबाबदारी शासनाकडून करवून घ्यायची, तर प्रत्येक गावात पालकांचा गट हवा. कोणत्या शाळेत किती जागा रिक्त आहेत, याची नोंद हवी आणि त्या नोंदीवर दर महिन्याला पाठपुरावा हवा. त्याच वेळी मराठी शाळेतला मुलगा इंग्रजी आणि कन्नडही नीट शिकला पाहिजे. कन्नड शिकल्याने मराठीपण कमी होत नाही. उलट तहसील कचेरीत आपले म्हणणे त्याच कचेरीच्या भाषेत मांडू शकणारा तरुण लढ्याची ताकद वाढवतो. रयतच्या शाळांनी खेड्यातल्या पोराला जग दाखवले, ते भाषेचा अभिमान आणि पोटाचे शिक्षण एकाच वर्गात देऊन.

दुसरे काम कागदाचे. ज्या तालुक्यांत आणि पालिकांत भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथे महत्त्वाची परिपत्रके, सूचना आणि कागदपत्रे त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे केंद्राने आणि राज्यांनी मान्य केलेले धोरण आहे. ते पाळले जात नसेल, तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पुराव्यासह तक्रारी गेल्या पाहिजेत. घोषणा विरून जाते. तारीख, कार्यालय, अर्ज क्रमांक आणि पोच असलेली तक्रार टिकते आणि उद्या न्यायालयातही पुरावा म्हणून उभी राहते. प्रत्येक तालुक्यात चार वकील आणि दहा शिक्षक एवढ्या कामाला पुरेसे आहेत. तज्ज्ञ समितीच्या दप्तरात एन. डी. सरांनी जी चिकाटी दाखवली, ती आता गावपातळीवर उतरायला हवी.

तिसरे काम संस्कृतीचे आणि या आघाडीवर सीमाभागाने खरोखरच अभिमान वाटावा असे काही करून ठेवले आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत दर वर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात, शाळकरी मुले कविता म्हणतात आणि गावजेवण होते. कोणत्याही सरकारच्या अनुदानाची वाट न पाहता लोकवर्गणीतून साहित्याचा उत्सव करणारी एवढी गावे महाराष्ट्रातही सहज सापडणार नाहीत. या संमेलनांनी आता एक पाऊल पुढे टाकावे. मंचावर कन्नड लेखकाला मानाने बोलवावे, विवेकवादी चळवळीच्या कार्यकर्त्याला बोलवावे, तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बाईला आपली गोष्ट सांगायला बोलवावे. भाषेचा उत्सव माणसाच्या प्रश्नाशी जोडला गेला, की तो दुसऱ्या दिवशी संपत नाही.

आणि महाराष्ट्राचे काय? सीमाभागातील माणूस आजही मुंबईकडे आशेने बघतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ ८६५ गावांना देण्याचे ठरवले, सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्थांत जागा ठेवल्या. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्या गावकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात, याचा हिशेब दर वर्षी विधिमंडळात मांडला गेला पाहिजे. दाव्याच्या प्रत्येक तारखेला राज्याची तयारी पूर्ण असली पाहिजे. सीमाप्रश्न समन्वयासाठी नेमलेल्या मंत्र्यांनी सीमाभागातल्या माणसांना वेळच्या वेळी भेटले पाहिजे. निवडणुकीच्या प्रचारात बेळगावचे नाव घ्यायचे आणि प्रचार संपला की विसरायचे, हे आता थांबावे. महाराष्ट्रातच मराठी शाळा बंद पडत असताना बेळगावच्या मराठी शाळेसाठी अश्रू ढाळण्याचा नैतिक अधिकारही उरत नाही. एन. डी. सरांनी या दोन्ही गोष्टींसाठी एकाच तळमळीने आवाज उठवला होता, हे राज्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

एन. डी. पाटलांना आयुष्यात सगळ्या लढायांत यश आले नाही. कोल्हापूरचा टोल गेला, रायगडच्या शेतकऱ्यांचे ऐकून घ्यावे लागले, जादूटोणाविरोधी कायदा झाला. शेतकरी कामगार पक्ष मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसला आणि सीमाप्रश्न सुटलेला त्यांना पाहता आला नाही. पण यशापयशाचा ताळेबंद मांडून त्यांनी लढे निवडले नव्हते. जे न्याय्य आहे ते उद्या मिळणार नाही म्हणून आज सोडायचे नाही आणि ते मिळवण्यासाठी अन्यायाचा मार्ग धरायचा नाही, ही त्यांची रीत होती. सीमाभागातील माणसाला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे विचारले, तर ती हीच. त्यांनी या लढ्याला द्वेषापासून दूर ठेवले आणि निराशेपासूनही.

२०२९ साली त्यांची जन्मशताब्दी येते आहे. तेव्हा सभा होतील, गौरवग्रंथ निघतील, पुतळ्याचीही मागणी होईल. सीमाभागाने त्यांना वेगळे देणे द्यावे. तोपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील प्रत्येक मराठी शाळेची स्थिती नोंदवलेला दस्तऐवज तयार असावा, प्रत्येक तालुक्यात कागदपत्रांच्या हक्कासाठी काम करणारा गट उभा असावा आणि एकीकरण समितीने गट-तट मिटवून या दोन कामांवर स्वतःला पारखून घ्यावे. या वर्षीच्या १७ जानेवारीला हुतात्मा चौकातून घरी परतणाऱ्या प्रत्येकाने यांपैकी एक काम उचलावे. कमळाबाई मोहिते आणि मारुती बेन्नाळकर यांनी प्राण दिले. एन. डी. पाटलांनी आयुष्य दिले. आपल्याकडे मागणी आहे ती रोजच्या थोड्या कष्टांची आणि ती नाकारण्यासारखे एकही कारण आपल्यापाशी नाही.